'घरचं भांडण' हे शब्द गावातून काढायचे असतील तर

ती खिडकीशी आली, गोळ्यांची बाटली घेतली आणि म्हणाली, "मॅडम, जरा कापूस मिळंल का?" मला वाटलं कुठं खरचटलंय. तिनं बाटलीचं झाकण काढलं, कापसाचा बोळा गोळ्यांवर दाबून बसवला, बाटली कानाशी नेली आणि हलवून बघितली. आवाज बंद झाला होता. मग ती बाटली ज्वारीच्या पिठाच्या पिशवीत पार तळाशी गेली. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आवर घालायच्या गोळ्या बाटलीत खुळखुळतात, आणि सासूचे कान तिखट होते.

सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी अकरा वर्षं एचआयव्ही समुपदेशक होते. आमच्या विटा-खानापूर-आटपाडी भागातले पुरुष गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेत. सोनं-चांदी गाळायची दुकानं परमुलखात, बायकापोरं नाहीतर म्हातारे आईबाप गावाकडे. हिचा नवरा वर्षातून दोनदा यायचा, दिवाळीला आणि यात्रेला. एका दिवाळीत हिनं धीर करून म्हटलं, "आधी तपासणी करून घ्या, न्हाईतर निरोध वापरा." त्या रात्री त्यानं तिला मारलं. भिंतीला भिंत लागून चुलत जावेचं घर. आवाज तिकडे गेला आणि तिकडे टीव्हीचा आवाज वाढला. पुढच्या यात्रेला हिनं काही विचारलं नाही. त्यानंतरच्या गरोदरपणात तपासणी केली तर एचआयव्ही निघाला.

आमच्या नोंदवहीत लागण कशी झाली याचा रकाना असतो. मी त्यात 'लैंगिक संबंध' लिहिलं. टीव्हीचा आवाज लिहायला रकाना नव्हता. पण ती एकदा म्हणाली, "त्या रात्री कुणी नुसतं दार जरी वाजवलं असतं, तरी मी यात्रेला परत बोलले असते." म्हणून नोकरी सुटल्यावर मी वाड्यावस्त्यांवर हे काम धरलं: बायकोचा मार 'घरचं भांडण' म्हणून सोडून द्यायचा नाही, शेजाऱ्यांनी दार वाजवायचं. तुमच्या गावात असं काही उभं करायचं असेल, तर मला जे जमलं आणि जे चुकलं ते सांगते.

घरातला मार आणि एचआयव्ही यांचा धागा आधी स्वतःला नीट समजू द्या

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत (२००५-०६) बायकांची एचआयव्ही तपासणीही झाली होती. त्या आकड्यांचा पुढं अभ्यास झाला. नवऱ्याकडून मारहाण आणि लैंगिक जबरदस्ती दोन्ही सोसणाऱ्या बायकांत एचआयव्हीचं प्रमाण ०.७३ टक्के होतं. ज्यांनी असं काही सांगितलं नाही त्यांच्यात ०.१९. म्हणजे जवळजवळ चौपट. कारण कळायला अवघड नाही. जो दरारा ठेवतो तो बाहेरही मनाला येईल तसं वागतो, आणि घरात त्याला 'तपासून घ्या' म्हणायची कुणाची टाप नसते. जबरदस्तीत अंगाला इजा होते, त्यातून विषाणूला वाट मिळते. लागण झाल्यावर तीच बाई मारापायी गोळ्या लपवते, एखादा दिवस चुकवते, मग औषध लागू पडेनासं होतं.

एचआयव्ही कायद्यानंही हे ओळखलंय. २०१७ चा हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. जोडीदाराला लागणीची कल्पना देण्याबद्दल त्यात जी तरतूद आहे, तिथंच म्हटलंय की सांगितल्यानं मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, विशेषतः बाईच्या बाबतीत, तर आरोग्य कर्मचाऱ्यानं सांगू नये. कायदा करणाऱ्यांनाही घरातला मार धरूनच लिहावं लागलं.

माझी पहिली चूक

मी शाळेच्या हॉलमध्ये व्याख्यान ठेवलं. पडद्यावर विषाणूचं चित्र, 'एचआयव्ही कसा पसरतो', सगळं साग्रसंगीत. एका बाईनं भर सभेत विचारलं, "नवऱ्यानं ऐकलंच न्हाई तर?" चार दिवसांत गावात बोभाटा झाला की हिला 'ते' असणार. घरी तिला त्यावरून मार बसला. त्या माराला मी जबाबदार आहे, आणि म्हणूनच हे पहिल्यांदा सांगते: एचआयव्हीनं सुरुवात करू नका. मोठ्या सभेनं तर मुळीच नाही. आणि गावात कुणाला लागण आहे हे हुडकायला जाऊ नका. आपल्या कामाला ते कळायची गरजच नाही.

नंतर एका प्रशिक्षणात युगांडाच्या कंपाला शहरातल्या कामाची ओळख झाली. 'रेझिंग व्हॉइसेस' या संस्थेनं तिथं 'सासा!' नावाची पद्धत बसवली. स्वाहिलीत सासा म्हणजे 'आता'. काम करणारे त्याच वस्तीत राहणारे साधे बायापुरुष, आणि बोलायच्या जागा म्हणजे जिथं माणसं एरवी बसतात त्याच. आठ वस्त्या घेऊन २००७ ते २०१२ दरम्यान अभ्यास झाला, चार वस्त्यांत काम केलं आणि चार तशाच ठेवल्या. काम झालं तिथं जोडीदाराचा मार खाणाऱ्या बायकांचं प्रमाण दुसऱ्या वस्त्यांच्या मानानं ५२ टक्क्यांनी कमी आढळलं. युगांडातच राकाई भागात एचआयव्हीच्या नेहमीच्या कामाला हिंसा थांबवण्याच्या कामाची जोड दिली, तर नवीन लागण साधारण एक तृतीयांशानं घटली.

मला त्यातली एक गोष्ट फार पटली. ते सुरुवात 'बळ' या शब्दापासून करतात. आधी आपल्या आतलं बळ, मग दुसऱ्यावर गाजवलेलं बळ, मग एकमेकांच्या सोबतीचं, आणि शेवटी काहीतरी करून दाखवायचं. 'हिंसा' म्हटलं की आमच्याकडे माणसं ताठ होतात. 'बळ' कुणाच्या हातात आहे म्हटलं की सांगायला लागतात: सावकार, मुकादम, थोरला भाऊ, सासू. नवरा आपसूक येतो.

दोघं शोधा, एक बाई आणि एक पुरुष

पुढारी नको, पदाधिकारी नको. जिच्याकडे बायका सांडगे-पापडाला हक्कानं जातात ती बाई हवी. माझ्यासोबत गावातले आप्पा आहेत, तीस वर्षं गलाईत काढून परत आलेले. त्यांनी मला आधीच सांगितलं, "ताई, मी पण हात उचललाय. ते लपवून मला बोलता यायचं न्हाई." मला तसाच माणूस पाहिजे होता. फक्त एक बघून घ्या, तो हात आता थांबलाय ना. ते त्याच्या बायकोला एकटीला विचारा.

पहिले दोन महिने या दोघांनी एकमेकांशीच बोलायचं. माझ्या घरात पैसा कुणाकडे, सुनेला मी काय बोलते, पोरीला कुठं जाऊ देत नाही. मी स्वतः हे करताना लक्षात आलं की मी सुनेच्या फोनवर नजर ठेवत होते. हे आपल्यात आहे तोवर दुसऱ्याच्या ओसरीवर बसायचा अधिकार नाही.

बायकांत: हरभरे आणि दोन डबे

बचत गटाची बैठक ही तयार जागा. हप्ते गोळा झाले की वीस मिनिटं मागा, जास्त नको. पाचव्या फेरीच्या सर्वेक्षणात (२०१९-२१) सात कारणं देऊन विचारलं होतं, यासाठी नवऱ्यानं मारलं तर बरोबर का: न सांगता बाहेर गेली, घराकडं-पोरांकडं दुर्लक्ष केलं, उलटून बोलली, संबंधाला नकार दिला, स्वयंपाक नीट केला नाही, तिच्यावर संशय आला, सासरच्यांचा मान ठेवला नाही. देशातल्या ४५ टक्के बायका आणि ४४ टक्के पुरुष निदान एका कारणाला 'हो' म्हणाले.

हीच सात कारणं एकेका चिठ्ठीवर लिहा आणि एकेक करून मोठ्यानं वाचा. प्रत्येकीच्या हातात मूठभर हरभरे द्या. दोन डबे चादरीआड ठेवा, एक 'बरोबर'चा, एक 'चूक'चा. एकेकीनं जाऊन दाणा टाकायचा. हात वर करायला लावलात तर सासूकडं बघून हात वर होतात. दाणे सगळ्यांसमोर मोजा आणि काही बोलू नका. शिकवण तर देऊच नका. आमच्याकडं 'सासरच्यांचा मान' या चिठ्ठीला 'बरोबर'चा डबा निम्म्याच्या वर भरला. मोजून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक म्हातारी काकी म्हणाली, "म्हंजे आपुनच मारतोय की गं." हे वाक्य माझ्या तोंडून आलं असतं तर वाया गेलं असतं.

'संबंधाला नकार' ही चिठ्ठी शेवटी ठेवा. एचआयव्हीचा विषय इथून आपोआप निघतो, साधारण चौथ्या महिन्यात. तेव्हा सगळं सरळ सांगा. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट आहे, नाव गुप्त राहतं. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, की संबंधातून लागण होत नाही. १०९७ या क्रमांकावर नाव न सांगता विचारता येतं. एक मात्र पाळा: मार खाणाऱ्या बाईला 'निरोधाचा आग्रह धर' असा सल्ला देऊन घरी पाठवू नका. आधी तिच्या पाठीशी माणसं उभी करा.

पुरुषांत: चपलेचा प्रश्न

इथं मी जात नाही. आप्पा जातात, पारावर, सलूनमध्ये, आणि यात्रेला गलाईवाले परततात तेव्हा मुद्दाम. ते एकच प्रश्न विचारतात, "तू संध्याकाळी दारात चप्पल काढतोस तवा घरात काय हुतं? पोरं पळत येत्यात का गप हुत्यात?" एवढं विचारून ते तंबाखू मळत बसतात. कुणी हसतं, कुणी उठून जातं. एकजण चौथ्या दिवशी परत आला आणि म्हणाला, "गप हुत्यात." तिथून बोलणं सुरू झालं. तपासणीचं आप्पा असं सांगतात: "परमुलखातनं आलास की वजनकाटा जसा तपासून घेतोस, तसं रक्त तपासून घे. बायकोनं सांगायची वाट बघू नको." दुकानदाराला काट्याची भाषा लगेच कळते.

दार वाजवायला शिकवा

माझ्या मते सगळ्या कामाचा गाभा हा आहे. शेजाऱ्यांना मध्ये पडायचं नसतं असं नाही, मध्ये पडून काय बोलायचं ते सुचत नाही. म्हणून शब्द आणि वस्तू आधीच ठरवून द्या. आमच्या वाडीत वाटी ठरली. आवाज आला की दोघींनी मिळून जायचं, कडी वाजवायची आणि म्हणायचं, "वैनी, जरा विरजण देता का?" बास. भांडणाचं नाव काढायचं नाही. दार उघडेपर्यंत हलायचं नाही, आणि दार उघडलं की ताकाच्या, दुधाच्या, पावसाच्या गप्पा काढून पाच मिनिटं उंबऱ्यात उभं राहायचं. चढलेला हात तेवढ्यात बहुतेक वेळा खाली येतो. पुरुष शेजारी असेल तर त्यानं "दादा, मोटर चालू हुईना, जरा चला" म्हणून नवऱ्याला बाहेर काढायचं.

नवऱ्यासमोर तिला 'मारलं का' असं कधीच विचारू नका. दुसऱ्या दिवशी पाण्यावर, एकटी असताना. हत्यार असेल, जिवावर बेतत असेल तर वाटी नेऊ नका, ११२ लावा. बायकांसाठी १८१ आहे, जिल्ह्यात सखी केंद्र आहे, तिथं अशा बायकांना सगळी मदत एकाच जागी मिळते, आणि तक्रार घ्यायला सरकारी संरक्षण अधिकारी आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात नवऱ्यानं केलेली लैंगिक जबरदस्तीही धरली आहे, हे पुष्कळ बायकांना ठाऊक नसतं. आणि बलात्कार झाला असेल तर तास मोजा. एचआयव्ही रोखायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस चालतात. सरकारी रुग्णालयात मिळतात. हे पान आशाताईकडं लिहून ठेवा.

तंटामुक्त समितीत बायकोच्या माराचं प्रकरण गेलं तर बहुतेकदा 'समजूत घालून' तिला परत धाडतात. समितीतल्या माणसांशी भांडू नका, पण लिहून घ्यायला लावा: पुन्हा मारलं तर कोण काय करणार, आणि महिन्यानं तिच्याकडं विचारपूस करायला कोण जाणार. नाव लिहायची वेळ आली की समजूत घालणाऱ्यांचा सूर बदलतो.

किती दिवस

कंपालात प्रत्यक्ष कामाला पावणेतीन वर्षं लागली. सहा महिन्यांत फरक दिसला नाही म्हणून सोडू नका. पिढ्यान्‌पिढ्यांचं बदलत नाही म्हणणाऱ्यांना मी शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड सांगते. तिथं ४ मे २०२२ ला गावानं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात शासनानं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. ठराव आमच्याकडंही करता येईल, पण तो शेवटी. आधी वाटी घरोघर फिरली पाहिजे.

मध्ये तक्रारी वाढतील. घाबरू नका, आधी ज्या गिळल्या जात होत्या त्या आता बाहेर येताहेत.

नोंद ठेवा, पण शंभर पानी साध्या वहीत. तारीख, वेळ, किती जणी गेल्या. घर लिहायचं नाही, नाव लिहायचं नाही, आजाराचा तर शब्दही नाही. वही उद्या कुणाच्या हाती लागली तरी कुणाचं नुकसान व्हायला नको. माझ्या वहीतली पहिली ओळ अशी आहे: आषाढ, रात्री साडेनऊ, दोघी, विरजण मिळालं.