कॉलेजातली ड्रॅगची आरएक्स १०० परत उभी करताय? या चुका टाळा

१९९४-९५ साली कोल्हापुरात आम्हा चौघांत मिळून यामाहाची एक आरएक्स १०० होती, खास ड्रॅगला, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतीला पळवायला तयार केलेली. ४०२ मीटर सरळ पट्टी, दोन गाड्या, बास. पुढं एकेक जण नोकरीला लागला आणि गाडी विकली गेली. काही वर्षांपूर्वी तसलीच एक घेतली आणि ठरवलं की हुबेहूब तीच उभी करायची. दोन वर्षं लागली, दोनदा पिस्टन तापून सिलिंडरला चिकटला, आणि जे कळलं ते लिहितोय, कारण आता माझ्या वयाचे बरेच जण ह्या नादाला लागलेत आणि सगळे त्याच जागी अडकतात.

पहिली चूक इंजिन खोलायच्या आधीच होते, ती म्हणजे आठवणीवर विश्वास ठेवणं. मला पक्कं आठवत होतं की आपल्या गाडीला एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे जोर वाढवणारा मधे फुगीर असलेला सायलेन्सर होता, मित्र म्हणाला नव्हता, यावरून आमची चांगलीच जुंपली, शेवटी त्याच्या आईच्या अल्बममध्ये एक फोटो सापडला आणि त्यात कंपनीचाच सायलेन्सर, फक्त आतली नळी काढलेली. तोवर मी चेंबर आणून बसलो होतो. हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही बरं का, चेंबर आणि ब्लॉकचे पोर्ट (सिलिंडरमधली वायू आत-बाहेर जायची भोकं) एकमेकांना धरून चालतात, एक बदललं की दुसरं बदलावं लागतं, मग कार्बोरेटरमधला पेट्रोलचं माप ठरवणारा जेट बदलावा लागतो, आणि बघता बघता तुम्ही भलतीच गाडी बांधत असता. म्हणून आधी जुने फोटो गोळा करा, त्या वेळच्या मिस्त्रींना भेटा, गाडीला काय काय होतं ते वहीत लिहा.

आता खरी गोष्ट. आरएक्स १०० भारतात आली १९८५ ला आणि बंद झाली १९९६ ला. म्हणजे तुमच्या हातात येणारी गाडी कमीत कमी तीस वर्षांची आहे. लोक काय करतात, टाकीला रंग, नवीन स्टिकर, क्रोम, नवा सायलेन्सर, सगळे पैसे तिथं. ह्या गाडीचा जीव क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या बंद डब्यात आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये येते, तिथं दाबली जाते आणि मग वर जाते, त्यामुळं क्रँकच्या दोन बाजूंची ऑइल सील म्हणजे इंजिनची फुफ्फुसंच समजा. मॅग्नेटोकडचं (वीज तयार होते त्या बाजूचं) सील गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आयडलिंग वरखाली होतं, अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी आवाज लगेच खाली येत नाही, आणि फुल थ्रॉटलला पिस्टन चिकटतो. क्लचकडचं सील गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर निघतो, प्लग ओला होतो आणि ऑइलची पातळी गुपचूप कमी होत जाते. माझा पहिला पिस्टन चिकटला तेव्हा मी कार्बोरेटर तीनदा खोलला, जेट बदलले, आणि दोष होता मॅग्नेटोमागच्या सीलमध्ये.

हे तपासायला महागडं काही लागत नाही. इनटेक आणि एक्झॉस्ट रबराचा तुकडा लावून घट्ट बंद करायचे, एका ठिकाणी छोटी नळी काढायची आणि तिला घरातलं जुनं बीपीचं मशीन जोडायचं, तेच फुगा दाबून हवा भरायचं. काटा २५०-२८० पर्यंत न्या, म्हणजे साधारण ५ पीएसआय, आणि पाच मिनिटं बघत बसा. काटा भराभर खाली येत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा, सील, ब्लॉकचं पॅकिंग, कार्बोरेटरचं रबर, सगळीकडं. हे केल्याशिवाय इंजिनला किक मारूच नका असं मी हात जोडून सांगतो.

क्रँक प्रेसवर खोलून नवीन कनेक्टिंग रॉड टाकला की क्रँक परत सरळ करावा लागतो, डायल गेज लावून ०.०३ मिमीच्या आत. नुसता डोळ्यांनी बघून ठोकून बसवलेला क्रँक थोडे दिवस चालतो, मग हँडलला थरथर, मग बेअरिंग, मग सील, आणि परत पहिल्यापासून. आपल्याकडं कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम उत्तम करणारे हात आहेत, फक्त समोर उभं राहून गेजचा काटा बघा. ब्लॉक बोअर मारून आला की पोर्टच्या कडा बोटानं चाचपा. धारदार लागल्या तर त्या हलक्या हातानं मोडून घ्यायला सांगा, नाहीतर पिस्टनची रिंग अडकून तुटते. माझा दुसरा पिस्टन असाच गेला, एका लेथवाल्यानं कडा तशाच ठेवल्या होत्या आणि मीही न बघता ब्लॉक चढवला.

कॉम्प्रेशन वाढवायला हेड कापायची घाई करू नका. पिस्टन आणि हेडमधली जागा मोजायला प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत कडेपर्यंत घाला, किक हळू दाबून इंजिन फिरवा आणि चेपलेली तार मोजा. ०.८ ते १ मिमी मिळालं की थांबा. एक्झॉस्ट पोर्ट वर घासायचा असेल तर लक्षात ठेवा, स्ट्रोकच मुळात ५० मिमी आहे, तिथं १ मिमी म्हणजे खूप झालं, वरचा पिकअप वाढतो पण सुटतानाचा जोर जातो, आणि ड्रॅगमध्ये पहिले वीस मीटर फार महत्त्वाचे. आरएक्स १३५ चा ब्लॉक चढवायचा मोहही होतो, पण त्याचा पिस्टन ५८ मिमीचा, १०० चा ५० चा, म्हणजे क्रँककेसचं तोंड कापावं लागतं आणि ते कापलं की मागं फिरता येत नाही. आमची गाडी ९८ सीसीचीच होती, म्हणून मी नाही केलं.

पेट्रोल तेव्हाचं राहिलं नाही हे बरेच जण विसरतात. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याला त्याच हवेत साधारण ७ टक्के जास्त इंधन लागतं, त्यामुळं १९९४ च्या वहीतला जेट नंबर आज टाकला तर गाडी लीन चालणार. दोन नंबर मोठ्या जेटनं सुरुवात करा, मोकळ्या बंद पट्टीवर फुल थ्रॉटल द्या, क्लच दाबून इंजिन तिथंच बंद करा आणि प्लग काढून बघा. पांढरा असेल तर लगेच थांबा, काळा ओला असेल तर एक पायरी खाली या. आणि इथेनॉल पाणी धरतं, जुनं रबर खातं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा.

इंजिनला आपोआप ऑइल देणारा ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल टाकणार असाल तर लिटरला ४० मिली, आणि टाकीवर चिठ्ठी लावा, कारण पंपावर घरचं दुसरं कुणी गेलं की साधं पेट्रोल भरून येतं. पंप ठेवणार असाल तर त्याच्या नळीतली हवा काढा, हवा अडकली की इंजिन कोरडं पळतं आणि वरून काहीच कळत नाही.

सुटताना आवाज चढतो पण गाडी पुढं जात नाही, हे क्लच घसरल्याचं लक्षण. लोक लगेच कडक स्प्रिंग टाकतात. आधी गिअर ऑइल बघा, कुणी कारचं इंजिन ऑइल भरलं असेल तर त्यातल्या घसरट रसायनांनी प्लेटा धरत नाहीत. स्प्रॉकेट असं निवडा की रेषा ओलांडताना चौथ्या गिअरमध्ये इंजिन आपल्या पूर्ण जोरावर असेल. आधीच किंचाळायला लागली तर मागचं स्प्रॉकेट एक-दोन दात्यांनी कमी करा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, चॅसी नंबर आरसीशी जुळत नसेल तर गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, आणि फ्रेम कापू नका, रस्त्यावरच्या गाडीत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात. पळवायची ती मोटरस्पोर्ट फेडरेशनच्या नियमात भरणाऱ्या बंद ट्रॅकवरच.

आणि ब्रेक. पुढं ड्रमच आहे, तेव्हाही ड्रमच होता, पण तेव्हा शू नवे होते. तीस वर्षांचे शू काचेसारखे गुळगुळीत होतात, ते नवे टाका, केबल नवी टाका. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. आमच्या आत्ताच्या गाडीला घेताना जे टायर होते ते नक्षी शाबूत असलेले, दिसायला एकदम चांगले, आणि बारा वर्षांचे. पहिल्या दिवशीच काढले.