आधी विहीर बघा

कामाला लागल्याच्या पहिल्याच वर्षी मी एका पोकलेनचे दोन सेन्सर बदलले. दोन्ही चांगले होते.

मशीन साईटवर उभं होतं, इंजिन ताकद घेत नव्हतं. लॅपटॉप जोडला तर बिघाडाचे चार कोड आले: १०२-४, १००-४, ९४-४ आणि ३५०९-४. पहिले तीन बूस्ट प्रेशर (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब), ऑइल प्रेशर आणि डिझेल प्रेशरचे. चौथ्यात कुठल्याच सेन्सरचं नाव नव्हतं, नुसतं 'सेन्सर सप्लाय व्होल्टेज' लिहिलेलं. नाव नाही म्हणजे कामाचा नाही, असं धरून मी तो सोडून दिला. बूस्टचा सेन्सर बदलला, कोड तसाच. ऑइलचा बदलला, तरी तसाच. तिसऱ्याचं खोकं उघडत होतो तेवढ्यात आमचे हेड मिस्त्री आले. चारही कोड वाचले आणि म्हणाले, "अरे, एका घरातली तिघं एकाच दिवशी आजारी पडली तर आधी विहीर बघतात."

विहीर म्हणजे ५ व्होल्टचा सप्लाय. मशीनची बॅटरी २४ व्होल्टची असली तरी कंट्रोलर, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तीन वायरच्या प्रेशर सेन्सरना मोजून ५ व्होल्ट देतो आणि एकाच लाइनवरून अनेकांना देतो. तिसरी वायर सिग्नलची. प्रेशर कमी असेल तर त्यावर साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण असेल तर साडेचारच्या आसपास. मिस्त्रींनी एका सेन्सरचा कनेक्टर काढून सप्लायच्या पिनवर मल्टीमीटर लावला. ५ च्या जागी अर्धा व्होल्टसुद्धा नव्हता. मग मीटर तसाच ठेवून त्या लाइनवरचे बाकीचे सेन्सर मला एकेक करून काढायला लावले. सेन्सर आतून शॉर्ट असता तर तो काढताच व्होल्टेज परत आलं असतं. आलं नाही. म्हणजे दोष वायरिंगमध्ये. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने चाचपत गेलो. इंजिनच्या मागची एक क्लिप सैल केली आणि मीटर टुणकन ५ वर गेला. ब्रॅकेटच्या धारेवर घासून वायरचं आवरण गेलं होतं, तांबं बॉडीला लागत होतं. खरं काय ते त्या चौथ्या कोडने पहिल्या मिनिटालाच सांगितलं होतं.

नवीन मुलांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो: कोड कुठला पार्ट खराब आहे ते सांगत नाही. कंट्रोलरला त्याच्या पिनवर काय दिसतंय, तेवढंच सांगतो. म्हणून डावीकडच्या आकड्याइतकंच उजवीकडच्या आकड्याकडे लक्ष द्या. जे १९३९ या अवजड गाड्या-मशीनच्या कोड पद्धतीत डावीकडे एसपीएन असतो, म्हणजे कशाबद्दल तक्रार आहे ते, आणि उजवीकडे एफएमआय, म्हणजे तक्रार काय आहे ते. ३ म्हणजे व्होल्टेज हवं त्यापेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी, बहुधा सर्किट तुटलेलं. २ आला की सिग्नल भरवशाचा नाही. ० आणि १ मात्र वेगळ्या जातीचे. तिथे वायरिंग ठीक आहे, पण मोजलेला आकडाच धोक्याइतका जास्त किंवा कमी आहे. काही कंपन्या मॉनिटरवर स्वतःचे कोड दाखवतात, तेव्हा मॅन्युअल उघडावंच लागतं.

हा फरक जिवावरचा आहे. १००-४ आला तर सिग्नलचा बिघाड, मीटर लावून तपासा. १००-१ आला तर ऑइल प्रेशर खरंच पडलंय असं धरून इंजिन ताबडतोब बंद करा. ऑइलची पातळी बघा, मग सेन्सरच्या जागी साधा काट्याचा गेज लावून खात्री करा. "सेन्सरच खोटं बोलत असेल" म्हणत तसंच चालवलं, तर बेअरिंग गेल्याचा आवाज येईपर्यंत उशीर झालेला असतो.

टेंपरेचर सेन्सरसाठी एक सोपी परीक्षा आहे, ती मला फार आवडते. हा सेन्सर बहुतेक दोन वायरचा असतो आणि तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. समजा ११०-४ आला, म्हणजे कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) सेन्सरचं व्होल्टेज कमी. कनेक्टर काढा. कोड ४ चा ३ झाला तर वायरिंग आणि कंट्रोलर दोन्ही धडधाकट, सेन्सर बदला. ४ च राहिला तर सिग्नलची वायर कुठेतरी अर्थ होतेय. उलट मुळात ३ आला असेल तर हार्नेसच्या बाजूच्या दोन पिना छोट्या वायरने जोडा. आता ४ दिसला पाहिजे. नवा सेन्सर न आणता पाच मिनिटांत निकाल लागतो. मात्र तीन वायरच्या सेन्सरवर हा प्रयोग अंदाजाने करू नका, डायग्राममध्ये पिना बघूनच हात घाला.

वायर सलग आहे हे सांगणाऱ्या मीटरच्या बीपवर फार विसंबू नका. वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर बीप देतो, पण लोड आला की तो धागा करंट पेलत नाही. कंट्रोलरचा मुख्य सप्लाय आणि अर्थ तपासायचा तर सर्किट चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्टेज गळतंय ते, मोजा. आणि मीटरची जाड सुई पिनच्या तोंडात खुपसू नका. पिन फाकते आणि आधी नव्हता तो बिघाड तुम्हीच तयार करता. हे मी केलेलं आहे. वायरला टोचून मोजणंही तसंच, त्या भोकातून पाणी शिरतं आणि आतून हिरवा गंज चढतो.

एकदम अनेक कंट्रोलर बोलेनासे झाले तर कॅन लाइन, म्हणजे कंट्रोलर ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी, बघा. बॅटरी बंद करून दोन वायरींमध्ये ६० ओहम यायला हवेत. दोन्ही टोकांना १२० चे दोन रेझिस्टर असतात, त्यांचा तो हिशेब. १२० आले तर एक टोक गायब आहे.

सगळ्यात छळतो तो येणारा-जाणारा कोड. तुम्ही पोचता तेव्हा मशीन एकदम शहाणं. इथे लॅपटॉपपेक्षा ऑपरेटर उपयोगी पडतो. कधी येतो? बूम वर नेताना? मशीन धुतल्यावर? गरम झाल्यावर? कोड पुसायच्या आधी लिहून घ्या, किती वेळा आला तेही. मग इंजिन बंद, किल्ली चालू, स्क्रीनवर त्या सेन्सरचा आकडा उघडा आणि हार्नेस वीतभर-वीतभर हलवत जा. आकडा जिथे उडी मारेल तिथे थांबा. अर्थात बकेट जमिनीवर आणि केबिनवर 'काम चालू आहे'चा टॅग हे आधी.

लॅपटॉप चालवायला आठवड्यात येतो. सर्किट डायग्राम वाचायला मला वर्ष लागलं, आणि तेही मिस्त्री प्रत्येक कामानंतर मला डायग्रामच्या लाइनवरून बोट फिरवायला लावायचे म्हणून.

माझे ते दोन काढलेले सेन्सर त्यांनी टाकू दिले नाहीत. पुसून, वर 'चांगला' लिहून ते माझ्याच पेटीत ठेवले. शंका आली की अजून तेच लावून बघतो.