टाका सुटला तर काय पडेल? वेल्डिंग शिकणाऱ्यांसाठी पहिली दोन कामं

दहावी-अकरावीतल्या पोराने किंवा पोरीने वेल्डिंग शिकायचं म्हटलं की पहिलं काम म्हणून डोक्यात गेट येतं, नाहीतर टेबल, नाहीतर शिडी. तिन्ही नकोत. गेट मोठं असतं, गरम होऊन ओढतं आणि शेवटी बसतच नाही. शिडीचा एक टाका सुटला की माणूस खाली. काम निवडताना एवढंच विचारायचं: टाका सुटला तर काय पडेल? वांगं पडणार असेल तर बिनधास्त करावं. भरलेला माठ पडणार असेल तर आधी हात बसवून, वजन ठेवून तपासून करावं. माणूस पडणार असेल तर ते काम वर्षभर लांबच बरं.

म्हणून इथे दोनच कामं घेतली आहेत: भरिताची वांगी भाजायची जाळी आणि माठाची तिवई. दोन्ही घरात रोज वापरात येतात, आणि कपाटामागे पडून राहणाऱ्या शोभेच्या वस्तूपेक्षा वापरातली वस्तू शिकणाऱ्याला जास्त हुरूप देते. पुढचं सगळं थेट शिकणाऱ्याशी.

आधी जागा आणि कपडे

खानदेशात वेल्डिंगला जागा शोधताना आधी कापूस कुठे आहे ते बघ. दिवाळीनंतर खोलीत, पडवीत कापूस भरलेला असतो, अंगणात कडबा आणि पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचे, भारे. ग्राइंडरची ठिणगी सहज दहा मीटर जाते. कापसात पडलेली ठिणगी लगेच भडकत नाही, आत धुमसत राहते आणि सगळे जेवायला बसल्यावर पेट घेते. दहा-अकरा मीटरच्या आत कापूस, कडबा, डिझेलचा कॅन यातलं काहीही नको. पाण्याच्या दोन बादल्या आणि वाळूचं एक घमेलं जवळ ठेव, पण पाणी विजेवर ओतायचं नाही, आधी स्विच बंद. काम आटोपल्यावर अर्धा-पाऊण तास तिथेच थांब.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. त्रास नुसत्या उन्हाचा नाही. चामडी हातमोजे घामाने भिजले की विजेपासूनचं संरक्षण संपतं, आणि मशीन नुसतं चालू असतानाही होल्डरवर, म्हणजे रॉड धरायच्या चिमट्यावर, ६० ते ८० व्होल्ट असतात. उन्हाळ्यात सकाळी सहा ते नऊ एवढाच वेळ काम कर आणि हातमोज्यांचा दुसरा कोरडा जोड जवळ असू दे.

कपडे जाड सुती: जीन्स आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. टेरिकॉट किंवा नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. पँट बुटाच्या वरून सोडायची, आत खोचायची नाही, नाहीतर गरम गोळी थेट बुटात उतरते. चपला घालून वेल्डिंग करणारे रस्तोरस्ती दिसतात. त्यांच्या पायांवरचे डागही एकदा नीट बघून घे. ओढणी नको, केस घट्ट बांधलेले हवेत.

डोळ्यांसाठी पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घे, काच १० किंवा ११ नंबरची. नुसता काळा गॉगल गाल आणि गळा भाजू देतो. उघड्या डोळ्यांनी आर्क, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यात पेटणारा झगझगीत जाळ, बघितला तर त्या क्षणी काही होत नाही. सहा-आठ तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं आणि पाणी थांबत नाही. बटाट्याच्या चकत्या आणि दुधाचे थेंब यांच्या भानगडीत पडू नकोस, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. शेजारी उभं राहून बघणाऱ्या लहान भावंडांनाही हेच लागू आहे, म्हणून त्यांना आधी घरात पाठव.

दोन गोष्टींना हातच लावायचा नाही. एक, जीआय म्हणजे जस्त चढवलेला पाइप किंवा पत्रा: जस्ताच्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. दोन, कोणताही बंद डबा, ड्रम किंवा गाडीची टाकी, आतून कितीही धुतलेली असो. उरलेली वाफ पेटून टाकी बॉम्बसारखी फुटते.

आणि एक मोठं माणूस समोर हवं, ज्याला मेन स्विच कुठे आहे ते ठाऊक आहे.

मशीन, रॉड, लोखंड

घरच्या सिंगल फेजवर चालणारं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन पुरे. सुरुवातीच्या कामाला १०० च्या वर जावंच लागत नाही. १६ अँपिअरचा सॉकेट, योग्य एमसीबी आणि खरं अर्थिंग हवं. वाढीव वायर तांब्याची २.५ चौरस मिमी आणि दहा-पंधरा मीटरच्या आत, त्याहून लांब न्यायची तर ४ चौरस मिमी. वायरचं वेटोळं पूर्ण सोडवून ठेव. गुंडाळलेली वायर तापते आणि आतलं प्लॅस्टिक वितळतं. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की आर्क विझायला लागतो. अशा वेळी हाताला दोष देऊ नकोस, दुसऱ्या दिवशी सकाळी कर. आकडा टाकून मशीन लावायचा विचार कोणी सुचवला तर तो माणूस शिकवायला लायक नाही.

रॉड, म्हणजे वितळून सांध्यात भरणारी कांडी, ६०१३ जातीचा, २.५ मिमी जाडीचा, ३५० मिमी लांबीचा. एक रॉड साधारण मिनिटभरात संपतो, म्हणून एक पूर्ण पाकीट घे. पावसाळ्यात रॉड दमट होतो. तो तडतडतो आणि वेल्डिंगला बारीक भोकं पडतात. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेव.

लोखंडाच्या दुकानात माप सुतात सांगतात. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे तीन सुती सळई साधारण १० मिमी आणि चार सुती साधारण १२. माल किलोवर मिळतो, म्हणून वजन आधी काढून जा: मीटरला ८ मिमी गोल सळई ०.३९५ किलो, १० मिमी ०.६१७, १२ मिमी ०.८८८ आणि २५×५ ची पट्टी जवळपास १ किलो. फॅब्रिकेशनच्या दुकानातले उरलेले तुकडे सरावाला उत्तम. पातळ चौकोनी पाइप मात्र आणू नकोस. १.६ मिमीच्या भिंतीला नवशिक्याच्या हातून भोकच पडतं आणि पोरं तिथेच नाउमेद होतात.

सराव: वीस रॉड जाळायचे

५ किंवा ६ मिमी जाडीचा तळहाताएवढा तुकडा घे. गंज आणि रंग ग्राइंडरने काढून लोखंड चकचकीत कर. ग्राइंडर चालवताना साधा पारदर्शक चष्मा डोळ्यावर हवाच. अर्थचा क्लॅम्प, म्हणजे मशीनच्या दुसऱ्या केबलचा चिमटा, याच चकचकीत जागी लाव. गंजावर लावलेला क्लॅम्प हे नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारींचं मूळ असतं.

करंट ७५ ते ८० वर ठेव. आगपेटीची काडी ओढतात तसा रॉड लोखंडावर ओढ, आणि आर्क पेटला की लगेच रॉडच्या जाडीएवढं, म्हणजे अडीच मिमीच, अंतर राख. रॉड जाण्याच्या दिशेला थोडा झुकलेला. आता काचेतून दोन गोष्टी दिसतात: डोळे दिपवणारा ठिपका आणि त्याच्या मागे सरकणारं वितळलेलं डबकं. नजर ठिपक्यावर खिळते, पण बघायचं डबक्याकडे. त्याची रुंदी रॉडच्या दुप्पट-अडीचपट राहील एवढ्या चालीने पुढे जा.

रॉड चिकटला तर घाबरून हेल्मेट वर करू नकोस. मनगटाने एक झटका दे. नाही सुटला तर होल्डरचा जबडा उघडून मोकळा हो. सारखा चिकटत असेल तर करंट पाच-दहाने वाढव. रेघ उंच आणि दोरीसारखी वर बसली असेल तर करंट कमी आहे. कडेला खाचा पडत असतील तर करंट जास्त आहे किंवा आर्क लांब. आजूबाजूला गोळ्या उडाल्या असतील तर आर्क नक्कीच लांब. रॉड जळत जळत आखूड होत असतो, हात त्याच वेगाने खाली यायला हवा. पहिले पाच-सहा रॉड सगळ्यांचेच वाया जातात.

वर काळी खपली, म्हणजे स्लॅग, बसते. थंड झाल्यावर चिपिंग हातोडीने उडव, चष्मा न काढता. मग तारेच्या ब्रशने घास.

रेघा सरळ यायला लागल्या की दोन तुकडे इंग्रजी टी सारखे उभे-आडवे ठेवून एकाच बाजूने जोड. थंड होऊ दे. मग उभा तुकडा वेल्डिंगच्या बाजूला हातोड्याने वाकवून मोड. ही परीक्षा टाळू नकोस. मोडलेल्या जागी दोन्ही तुकड्यांवर खडबडीत, करड्या रंगाचं फाटलेलं लोखंड दिसलं तर जोड खरा होता. एका तुकड्याची मूळ कड गुळगुळीत, जशीच्या तशी दिसली तर वेल्डिंग नुसतं वर बसलं होतं. तिथे करंट वाढव आणि रॉड सांध्याच्या बेचक्यात नेमका धर.

पहिलं काम: भरिताची जाळी

बामणोदची हिरवी-पांढरी वांगी आणि पऱ्हाट्यांचा जाळ, इथपर्यंत घरात सगळं असतंच. लागणारं लोखंड: ८ मिमी साधी गोल सळई ४५० मिमीचे ८ तुकडे, २५×५ पट्टी ३०० मिमीचे २ तुकडे, पायांना १२ मिमी सळई २०० मिमीचे ४ तुकडे. एकूण पावणेतीन किलोच्या आसपास. बांधकामाची पिळाची सळई घेऊ नकोस. तिच्या खाचांत गंज आणि करपलेली साल अडकून बसते.

दोन्ही पट्ट्यांवर खडूने खुणा कर: टोकापासून १० मिमीवर पहिली, मग दर ४० मिमीवर एक. आठवी खूण २९० वर येते. पट्ट्या सपाट फरशीवर समांतर ठेव, बाहेरच्या कडांत ४५० चं अंतर. पहिली आणि आठवी सळई खुणांवर आडवी ठेव, कोपऱ्यातल्या चार सांध्यांना आधी एकेक टाका मार आणि दोन्ही कर्ण मोज. दोन्ही सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. फरक असेल तर आत्ताच ठोकून सरळ कर, कारण आत्ता एकेकच टाका आहे. फरशी तडकू नये म्हणून खाली पत्र्याचा तुकडा सरकव.

आता मधल्या सळया खुणांवर ठेव आणि सगळे सांधे पक्के कर. एका टोकापासून ओळीने जोडत गेलास किंवा गेलीस तर पट्टी वेल्डिंगच्या बाजूला वाकून धनुष्यासारखी होते. थंड होताना लोखंड ओढतं, त्याला इलाज नाही. इलाज क्रमाचा: पहिल्या सळईचं डावं टोक, मग आठवीचं उजवं, मग चौथीचं डावं, असं उड्या मारत जायचं. प्रत्येक सांध्याला सळईच्या दोन्ही बाजूंनी १० मिमीची रेघ. म्हणजे ३२ छोट्या रेघा. विसाव्या रेघेनंतर हातात फरक पडलेला स्वतःलाच कळतो. पट्टीवर आर्क थोडा जास्त रेंगाळू दे, सळईची कड लवकर वितळते.

जाळी उलटी करून चार कोपऱ्यांत पाय उभे कर, गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावून टाका मार, आणि सरळ करून हलते का ते बघ. चार पायांची वस्तू पहिल्यांदा हलतेच. लांब पाय घासून कमी कर, मगच पूर्ण वेल्डिंग. स्लॅगचा कणही ठेवायचा नाही, तो पुढे भरितात जातो. रंग अजिबात नको. एकदा रिकामी जाळावर तापव, कोमट असताना तेलाचं फडकं फिरव, झालं.

दुसरं काम: माठाची तिवई

तीन पायांची वस्तू कधी हलत नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी ही झाली तर घरात कौतुक जास्त होतं, हे वेगळं सांगायला नको.

घरच्या माठाच्या बुडाला दोरी लावून कडं केवढं हवं ते ठरव. साधारण ३५० मिमी पोटाच्या माठाला आतून २४० चं कडं जमतं. १० मिमीची सळई वळवायची तर लांबी मधल्या व्यासावर काढतात: २४० अधिक १० म्हणजे २५०, गुणिले ३.१४, म्हणजे ७८५ मिमी. सळई जाड भंगार पाइपाभोवती वळव. पाइपाचा व्यास हव्या असलेल्या कड्यापेक्षा थोडा कमी हवा, कारण सोडल्यावर सळई उघडते. टोकं जुळत नसतील तर ताकद लावत बसू नकोस, फॅब्रिकेशनवाला ते पाच मिनिटांत वळवून देतो.

टोकं जोड, कड्यावर दर २६२ मिमीला खूण कर. पाय १२ मिमी सळईचे, ४५५ मिमी लांब, खाली प्रत्येकी ६० मिमी बाहेर झुकलेले. सरळ उभे पाय ठेवले तर धक्का लागताच माठ कलंडतो. जमिनीपासून १२० मिमीवर ८ मिमी सळईने तिन्ही पाय एकमेकांना बांध. ते तुकडे साधारण २९ सेंमी भरतात, पण जागेवर मोजूनच काप.

पंधरा लिटरचा माठ भरला की वीस किलोच्या घरात जातो. म्हणून तिवईवर आधी ४० किलो वाळूची गोणी ठेव, रात्रभर तशीच राहू दे. सकाळी प्रत्येक सांध्यावर हातोडीने टिचकी मारून चिरा बघ. चीर दिसली तर वरून लेप चढवू नकोस, घासून काढ आणि नव्याने जोड. मग रेड ऑक्साइडचा एक हात, वर ऑइलपेंटचे दोन, आणि सायकलची जुनी ट्यूब चिरून कड्यावर बसव म्हणजे माती घासत नाही.

यानंतर

कुंड्यांचं स्टँड, चपलांचं रॅक, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार: एवढी कामं निवांत पुरतात. ट्रॉलीची हूक, झोका, शिडी, गच्चीचा कठडा यांना हात नको, शेजारच्या काकांनी कितीही गळ घातली तरी. आणि कोणी दुकानात रोजाने बोलावलं तर, १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे. रीतसर शिकायचं तर आयटीआयमधला वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, आठवी पास आणि १४ वर्षं पूर्ण असली की अर्ज करता येतो. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार इथे सरकारी आयटीआय आहेत. दहावीच्या निकालानंतर प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन भरायचे असतात, दाखले आधीच काढून ठेव.