वर्गातला नवा उपक्रम फसतो कुठे? या चुका टाळा

नवा उपक्रम केला, मुलं खूश झाली, गोंगाटही भरपूर झाला; पण तास संपल्यावर धड्यातलं काही विचारलं तर सगळे गप्प. असं दोन-तीनदा झालं की शिक्षक म्हणतात, "आमच्या वर्गाला हे झेपत नाही," आणि पुन्हा फळ्याकडे तोंड करून शिकवायला लागतात. मुलांचं त्यात फारसं चुकलेलं नसतं. दिलेल्या कामात त्यांना एकमेकांची गरजच पडत नाही, म्हणून उत्साह हवेत विरतो.

गट पाडले, पण काम एकट्याचंच

सगळ्यात जास्त फसतं ते गटकार्य. चार जणांना एक प्रश्न आणि एक कागद दिला की काय होतं, हे कोणीही सांगेल. एक जण लिहितो, एक जण शीर्षक रंगवतो आणि उरलेले दोघे गप्पा मारतात. त्यांना रागावून उपयोग नाही. जे काम एकाला जमतं, त्यात बाकीच्यांनी करायचं तरी काय?

यावरचा एक चांगला उपाय पन्नास वर्षांहून जुना आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि लॅटिनो मुलं एकाच वर्गात येऊ लागली होती आणि तणाव वाढला होता. तिथे एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह 'जिगसॉ' पद्धत आणली. धड्याचे तुकडे करायचे आणि गटातल्या प्रत्येकाला एकेक वेगळा तुकडा द्यायचा. सारखाच तुकडा मिळालेली वेगवेगळ्या गटांतली मुलं आधी एकत्र बसून तो समजून घेतात, मग आपापल्या गटात परतून इतरांना शिकवतात. पूर्ण धडा हवा असेल तर प्रत्येकाचं ऐकावंच लागतं.

ही पद्धतही बिघडते, आणि बहुधा ठरलेल्या जागी. पहिली जागा तुकड्यांची. दुसरा भाग कळल्याशिवाय तिसरा कळत नसेल तर जिगसॉ वापरू नका. गणितातली पायरीपायरीची रीत यात बसत नाही. एकाच घटनेची वेगवेगळी कारणं, किंवा वेगवेगळ्या प्राण्यांची माहिती छान बसते. दुसरी जागा वेळेची. घाई झाली की शिक्षक 'आधी एकत्र बसून समजून घेणं' हाच टप्पा गाळतात. ज्या मुलाला वाचायला जड जातं, त्याची तयारी तिथेच होत असते. तो टप्पा गाळला की ते मूल गटासमोर अडखळतं आणि बाकीचे त्याच्या हातातून कागद ओढून घेतात. कोणी गैरहजर असेल तर त्याचा तुकडा कुणाला द्यायचा, हे आधीच ठरवा. शेवटी चाचणी मात्र प्रत्येकाची वेगळी घ्या. गटाला मिळून गुण दिले की भांडणं ठरलेलीच.

प्रश्न विचारून उत्तराला वेळच न देणं

अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी वर्गातल्या संवादाचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. हा वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा मुलांची उत्तरं मोठी झाली, आपणहून बोलणारी मुलं वाढली आणि "माहीत नाही" म्हणणं कमी झालं. करून पाहा, तीन सेकंदांची शांतता सुरुवातीला फार अवघड वाटते. आधी प्रश्न, मग थांबा, मग नाव, हा क्रम ठेवा. नाव आधी घेतलं की बाकीचा वर्ग सुटीवर जातो. मुलाचं उत्तर मोठ्याने पुन्हा सांगायची सवयही सोडा, नाहीतर मुलं एकमेकांचं न ऐकता फक्त तुमचंच ऐकतात.

'विचार करा, जोडीत बोला, वर्गाला सांगा' ही शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांची रीत सगळे वापरतात, पण पहिली पायरी उरकून टाकतात. विचाराच्या वेळात प्रत्येकाला एक ओळ लिहायला लावा. हातात काहीच नसेल तर जोडीतलं जास्त बोलणारं मूलच बोलत राहतं.

चर्चा रंगतच नसेल तर प्रश्नच तपासा. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर पर्यायी उत्तरांचा प्रश्न देतात, प्रत्येकाकडून स्वतंत्र उत्तर घेतात, मग शेजाऱ्याला पटवायला सांगतात आणि पुन्हा उत्तर घेतात. जवळजवळ सगळ्यांचं बरोबर आलं तर चर्चेत वेळ घालवू नका. फारच थोड्यांचं आलं तर पुन्हा शिकवा. वर्ग दुभंगला असेल तेव्हाच चर्चेला रंग चढतो.

बक्षिसांची सवय

१९७३ मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांवर प्रयोग केला. ज्यांना आधी प्रमाणपत्राचं आमिष दाखवलं, ती नंतर मोकळ्या वेळेत कमी चित्रं काढू लागली. न सांगता बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड कमी झाली नाही. गटांच्या गुणांचा तक्ता भिंतीवर लावणाऱ्यांनी तळाशी दर आठवड्याला कोण असतं, तेही बघावं.

ओळख एका दिवसात उरकणं

पहिल्या दिवशी परिचयाचे खेळ आणि मग वर्षभर काहीच नाही, यातून वर्ग जुळत नाही. लाजऱ्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करून "स्वतःबद्दल काहीतरी वेगळं सांग" म्हणणं तर शिक्षाच. "सुट्टीत कुठे गेलात?" हा प्रश्नही वाटतो तितका साधा नाही, जे कुठेच जाऊ शकले नाहीत, ते तिथेच वेगळे पडतात. त्यापेक्षा "तुला कुठला आवाज आवडतो?" असा, प्रत्येकाकडे उत्तर असेल असा प्रश्न विचारा. दर दोन-तीन आठवड्यांनी जोड्या बदला. चर्चेत "तो म्हणाला तसं" न म्हणता नाव घेऊन बोलायला लावा. वर्गात रोज लागणारी कामं खरोखर मुलांवर सोपवा, आणि ती विसरली गेली तर मागून गुपचूप उरकून टाकू नका.

एकदम सगळं नवं

नवी पद्धत पहिल्यांदा सोप्या, ओळखीच्या पाठावर करा. रीतही नवी आणि मजकूरही अवघड, असं झालं की मुलं दोन्हीकडून अडकतात. गप्प बसण्याची खूण आधी ठरवून तिचा सराव करून घ्या. फसलंच, तर पुढच्या वेळी प्रश्न, वेळ किंवा गटाचा आकार यातली एकच गोष्ट बदला, म्हणजे नक्की काय चुकलं ते कळेल. तास संपताना चिठ्ठीवर लिहून घ्या: "आज कुणाच्या बोलण्यामुळे काय कळलं?" सगळ्या चिठ्ठ्यांवर त्याच दोन-तीन मुलांची नावं आली, तर पुढच्या तासाला बसण्याची जागा बदलून पाहा.