ऊर्जावान अल्फा कणांचा अभ्यास करताना या चुका टाळा

ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड समस्थानिकांच्या संलयनातून १७.६ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) ऊर्जा सुटते. त्यातले १४.१ एमईव्ही न्यूट्रॉन नेतो. त्याच्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र त्याला अडवत नाही. उरलेले ३.५ एमईव्ही अल्फा कणाच्या, म्हणजे हेलियमच्या अणुकेंद्राच्या, वाट्याला येतात, आणि पुढे जाऊन प्लाझ्मा (तापून आयनीभूत झालेला इंधनवायू) आपोआप तापता ठेवायचा असेल तर सगळी भिस्त याच कणावर आहे. म्हणून त्याच्या मोजमापात झालेली चूक मला फार खुपते. बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच विसर असतो: या क्षणी प्लाझ्मात असलेले अल्फा या क्षणी जन्मलेले नसतात.

न्यूट्रॉनचा दर म्हणजेच अल्फाची ऊष्णता असे धरणे

ही चूक मी स्वतः केली आहे. एका छोट्या शॉटमध्ये, म्हणजे प्लाझ्माच्या एका प्रयोगफेरीत, न्यूट्रॉनच्या दरावरून अल्फांनी दिलेली ऊष्णता काढली, ती तापमानवाढीशी ताडून पाहिली आणि तापमानवाढ हिशेबापेक्षा बरीच कमी भरली. मग दोन आठवडे मी 'निसटलेले' अल्फा शोधत बसलो. शेवटी न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन तापमान यांचे आलेख एकाच वेळ-अक्षावर एकाखाली एक लावले, तेव्हा दिसले की तापमानाची चढण उशिरा सुरू होते आहे. कण कुठेही गेले नव्हते, त्यांची ऊर्जा अजून उतरायची होती.

हिशेब करून बघा. इलेक्ट्रॉन तापमान १० केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट) आणि घनता प्रति घनमीटर ५ गुणिले १० चा १९वा घात असेल, तर ३.५ एमईव्हीचा अल्फा मंदावायला सुमारे ०.९ सेकंद लागतात. त्याच प्लाझ्मात, तो तापवायला बाहेरून सोडलेल्या १२० केईव्हीच्या बीममधला ड्युटेरियम आयन साधारण ०.२ सेकंदात थंडावतो. हा काळ तापमानाच्या दीड घाताने वाढतो आणि घनतेच्या व्यस्त प्रमाणात घटतो. बीम बंद झाल्यावर तापमान घसरते, म्हणून आधीचेच तापमान कायम धरलेत तर उत्तर फुगलेले येईल. शॉट या काळापेक्षा लहान असेल तर स्थिर अवस्थेचे सूत्र (जितकी ऊर्जा जन्मते तितकीच उतरते असे धरणारे) वापरूच नका.

लाटा चुकीच्या वेळी शोधणे

अल्फांमुळे उठणाऱ्या आल्फव्हेन लाटा (प्लाझ्मातल्या चुंबकीय क्षेत्ररेषांच्या कंपनाच्या लाटा) सर्वाधिक संलयनशक्तीच्या क्षणी दिसतील असे वाटणे साहजिक आहे. पण बीमचे आयन त्या लाटांची ऊर्जा शोषून त्या दाबूनही टाकतात. अमेरिकेतल्या टीएफटीआर टोकामॅकमध्ये (चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा कोंडणाऱ्या कड्यासारख्या यंत्रात) १९९० च्या दशकात या लाटा पकडल्या गेल्या, त्या बीम बंद केल्यानंतर ०.१ ते ०.२ सेकंदांनी. बीमचे आयन मंदावले होते आणि अल्फा अजून वेगात होते. तुमच्या नोंदीत काहीच सापडत नसेल तर आधी वेळेची खिडकी पुढे सरकवा. मग वारंवारता काढताना आयनांची खरी वस्तुमान-घनता घ्या. निम्मे ट्रिटियम असताना शुद्ध ड्युटेरियमचा आकडा वापरलात तर आल्फव्हेन वेग सुमारे १२ टक्क्यांनी जास्त येतो. प्लाझ्मा फिरत असेल तर डॉप्लर सरकही (त्या गतीमुळे वारंवारतेत पडणारा फरक) वजा करायची असते. ती राहून गेली की चांगली जुळणारी लाट नाहक बाद होते.

तापमानातला सगळा फरक अल्फांच्या खात्यावर टाकणे

ड्युटेरियमचा एक शॉट, मिश्रणाचा एक शॉट, दुसरा जास्त तापला, झाले सिद्ध! असे होत नाही. जड समस्थानिकामुळे ऊर्जा धरून ठेवण्याची क्षमताच बदलू शकते. ब्रिटनमधल्या जेट टोकामॅकवर १९९७ मध्ये यासाठी केलेली मांडणी मला आजही अनुकरणीय वाटते. त्यांनी बाहेरची ऊष्णता जवळपास सारखी ठेवली आणि इंधनातले ट्रिटियमचे प्रमाण शून्यापासून जवळजवळ शंभर टक्क्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने बदलले. नुसत्या वस्तुमानाचा परिणाम असता तर तापमान एकाच दिशेने सरकत गेले असते. अल्फांचा असेल तर मधल्या मिश्रणापाशी, जिथे संलयन सर्वाधिक, तिथे उंचवटा दिसायला हवा, आणि तो तसाच दिसला. दोनच टोके मोजली असती तर हा उंचवटा हाती लागलाच नसता.

प्रत्येक अल्फा नेमका ३.५ एमईव्हीचा धरणे

आदळणाऱ्या आयनांच्या स्वतःच्या गतीमुळे जन्मऊर्जा पसरते. आयन तापमान २० केईव्ही असेल तर अर्ध्या उंचीवरची रुंदी जवळपास ०.८ एमईव्ही भरते. त्यामुळे ४ एमईव्हीची नोंद दिसली की लगेच डिटेक्टरवर संशय घेऊ नका. आकडेमोड सोपी जावी म्हणून अल्फांच्या जागी गरम मॅक्सवेल वितरण (समतोलातल्या कणांत ऊर्जा जशी वाटलेली असते तसे) टाकणेही टाळा. लाटांना बळ मिळते ते वितरणाच्या उतारावरून, आणि मंदावणाऱ्या कणांचा उतार मॅक्सवेलच्या उताराशी जुळत नाही.

गॅमा दिसला नाही म्हणजे अल्फा नाहीत

अल्फा प्लाझ्मातल्या बेरिलियमवर आदळला की उत्तेजित कार्बन-१२ तयार होतो आणि त्यातून ४.४४ एमईव्हीचा गॅमा किरण निघतो. ही पद्धत उत्तम, पण ती साधारण २ एमईव्हीच्या वरचे वेगवान अल्फाच दाखवते. बीम बंद झाल्यावर रेषा विझली तर अल्फा पळाले असे म्हणू नका, ते मंदावून या पद्धतीच्या नजरेबाहेर गेले असतील. उलट बाजूही तपासा: प्लाझ्मात कार्बन असेल तर वेगवान प्रोटॉनही हीच रेषा उजळवू शकतात. रेषेची तीव्रता वेळेनुसार कशी उतरते ते आधी काढलेल्या मंदावण्याच्या काळाशी ताडून पाहा. दोन्हींत मोठा फरक निघाला, तरच कण निसटल्याची शंका घ्यायला जागा आहे.