परदेशात शिकवताय? अनुभवाला ‘क्यूटीएस’ची जोड अशी द्या

आखातातल्या किंवा सिंगापूरच्या ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांत वर्षानुवर्षं शिकवणाऱ्यांचं घोडं बऱ्याचदा एकाच ओळीवर अडतं: ‘क्यूटीएस आवश्यक’. क्यूटीएस म्हणजे इंग्लंडमधला अधिकृत शिक्षक-दर्जा. ती पदवी नव्हे. फी भरण्याआधी एवढं पक्कं लक्षात घ्या की ‘पीजीसीईआय’ हा परदेशातल्या शिक्षकांसाठीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम कितीही चांगला असला, तरी तेवढ्यानं क्यूटीएस मिळत नाही.

बीएड झालंय?

मग आधी थेट अर्जाचा मार्ग बघा. इंग्लंडच्या शिक्षण खात्याची ही ऑनलाइन सेवा फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी तीत भारताचाही समावेश झाला. अर्जाला शुल्क नाही, त्यामुळे ‘करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देण्याचं कारण नाही. मात्र भारतात प्रशिक्षण झालेल्यांना ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची पात्रता हवी. इतिहास-भूगोलाच्या आणि प्राथमिकच्या शिक्षकांना हा मार्ग मोकळा नाही.

पदवी आणि बीएडची प्रमाणपत्रं, गुणपत्रकं, किमान एका शैक्षणिक वर्षाचा अनुभव आणि इंग्रजीचा पुरावा लागतो. शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं असेल तर विद्यापीठाकडून तसं पत्र घ्या. अनुभवपत्रात तारखा, विषय, मुलांचं वय आणि आठवड्याचे तास स्पष्ट असावेत. ‘कर्तव्यदक्ष शिक्षिका’ एवढ्यानं भागत नाही. संदर्भासाठी मुख्याध्यापकांचा शाळेचाच ई-मेल द्या.

खोळंबा होतो तो नावांपायी. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आडनाव आधी, पासपोर्टवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र सुरुवातीलाच जोडा.

बीएड नसेल तर

दोन वाटा आहेत. पहिली आयक्यूटीएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय शिक्षक-प्रशिक्षण, २०२२ पासूनचं. नोकरी सांभाळून परदेशातच, साधारण एका शैक्षणिक वर्षात होतं. पदवी हवी, शिवाय इंग्रजी आणि गणितात जीसीएसई (इंग्लंडमधली दहावीसारखी परीक्षा) ग्रेड ४ च्या तोडीची पातळी, प्राथमिकसाठी विज्ञानातही. तुमची दहावी पुरेशी आहे का, हे संस्थेकडून लेखी विचारा. कमी पडली तर समतुल्यता परीक्षा देता येते. दुसऱ्या एका शाळेतला अनुभवही सक्तीचा आहे. ती शाळा कोण मिळवून देणार, हे प्रवेशाआधीच ठरवा. आयक्यूटीएस पूर्ण झाल्यावर त्याच्या आधारे क्यूटीएससाठी अर्ज करता येतो.

दुसरी वाट फक्त मूल्यमापनाची. किमान दोन शाळांत शिकवलेल्या पदवीधरांसाठी ती आहे. पदवी आणि जीसीएसईच्या अटी इथेही लागू. प्रशिक्षण नाही, जास्तीत जास्त १२ आठवड्यांत इंग्लंडच्या शिक्षक-मानकांवर तुमचं काम तपासलं जातं. परदेशी शाळेत येऊन मूल्यमापन करणार का, हे संस्थेला आधी विचारून घ्या.

पुराव्यांच्या फाइलमध्ये ढीग नको. आठ मानकांपैकी पाचवं, म्हणजे मुलांच्या गरजेनुसार शिकवणं बदलण्याचं, कागदावर दाखवायला अवघड. अपूर्णांकांचा एकच तास निवडा. त्याचं पाठटाचण, कच्च्या आणि पक्क्या मुलांसाठी केलेल्या वेगवेगळ्या कार्यपत्रिका, एका मुलाच्या वहीची आधीची आणि नंतरची पानं, त्याच तासाचं निरीक्षकाचं टिपण, असं सगळं एकत्र लावा. मुलांची नावं झाकायला विसरू नका.