चिप डिझाइनमध्ये ओपन सोर्स टूल्स आणायचीत? मग साइनऑफपासून नको, लिंटपासून सुरू करा

टीममध्ये ओपन सोर्सचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला, टेपआउट (तयार डिझाइन चिप बनवायला पाठवणं) यावर करणार का? नाही करायचा. साइनऑफसाठी फाउंड्रीला (चिप बनवणाऱ्या कारखान्याला) ज्या टूल्सचा फायनल डीआरसी (लेआउट नियमांत बसतो का), एलव्हीएस (लेआउट सर्किटशी जुळतो का) लागतो ती टूल्स राहू द्या, ॲडव्हान्स्ड नोडचे (नव्या, बारीक तंत्रज्ञानाचे) पीडीके, म्हणजे डिझाइनसाठी फाउंड्री देते त्या फाइल्स, एनडीएखाली (गुप्ततेच्या कराराखाली) असतात आणि रूल डेक, म्हणजे तपासणीच्या नियमांच्या फाइल्ससुद्धा त्याच टूल्ससाठी लिहिलेले असतात. चूक झाली तर लगेच कळेल आणि लगेच सुधारता येईल अशी जागा निवडा, म्हणजे आरटीएल (हार्डवेअरचं वर्णन करणारा कोड) लिहितानाचं लिंट, कोड न चालवता त्यातल्या संशयास्पद जागा दाखवणारी तपासणी.

व्हेरिलेटर हे ओपन सोर्स टूल घ्या, लिंट-ओन्ली आणि डब्ल्यू-ऑल हे ऑप्शन लावा आणि एकाच ब्लॉकवर चालवा, अख्ख्या चिपवर नको. जुन्या कोडवर वॉर्निंगचा नुसता पाऊस पडतो, त्यात विड्थच्या (बिटसंख्या न जुळण्याच्या) भरपूर. वैतागून डब्ल्यू-ऑल काढू नका प्लीज. आठ बिटच्या दोन व्हॅल्यूंची नऊ बिटमध्ये केलेली बेरीज कुणी आठ बिटच्या रजिस्टरमध्ये टाकली असेल तर वरचा कॅरी बिट गुपचूप जातो, आणि तेच ही वॉर्निंग सांगत असते. एकेक बघा, खरी असेल तर कोड सुधारा, मुद्दाम केलेलं असेल तर वेव्हर फाइलमध्ये (सोडून द्यायच्या वॉर्निंगच्या यादीत) टाका आणि शेजारी कारण लिहा, कारण सहा महिन्यांनी ते कुणालाच आठवत नाही. यादी रिकामी झाली की हेच सीआयमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) लावा, म्हणजे नवीन वॉर्निंग मर्जच होणार नाही.

मग सिम्युलेशन. व्हेरिलेटर डिझाइनचं सी प्लस प्लस बनवून चालवतो म्हणून लांबलचक रिग्रेशनला (सगळ्या टेस्ट पुन्हा चालवायला) खूप फास्ट पडतो, आणि कमर्शियल टूलच्या लायसन्सच्या रांगेत थांबावं लागत नाही हे तर आहेच. पण एक गोष्ट नीट समजून घ्या, तो मुख्यतः टू-स्टेट आहे, म्हणजे फक्त ० आणि १ धरतो, एक्स (माहीत नसलेली व्हॅल्यू) पसरताना तुम्हाला दिसणार नाही. माझ्याकडे एका काउंटरला रिसेट द्यायचा राहिला होता, व्हेरिलेटरवर सगळ्या टेस्ट पास, आणि फोर-स्टेट (०, १, एक्स, झेड धरणाऱ्या) सिम्युलेटरवर पहिल्याच वेव्हफॉर्ममध्ये सगळं लाल, म्हणजे एक्स. तेव्हापासून एक्स-इनिशियल युनिक हा ऑप्शन ठेवून, रँडम रिसेट (रजिस्टरची सुरुवात रँडम व्हॅल्यूने) चालू करून वेगवेगळ्या सीडवर चालवतो, आणि रोज रात्रीचा एक रन फोर-स्टेटवर असतोच असतो. हे सोडू नका.

टेस्टबेंच (डिझाइनला इनपुट देऊन तपासणारा कोड) नवीन लिहायचा असेल तर कोकोटीबी बघा. टेस्ट पायथनमध्ये असते आणि तीच टेस्ट व्हेरिलेटर, इकॅरस आणि नेहमीच्या कमर्शियल सिम्युलेटरवरही चालते, त्यामुळे एकाच टूलमध्ये अडकून पडत नाही. तयार यूव्हीएम (सिस्टमव्हेरिलॉगमधली प्रचलित टेस्टबेंच पद्धत) एन्व्हायर्नमेंट असेल तर मात्र ते मोडून यात आणायचा अट्टाहास नको, चालतंय ते चालू द्या.

सिंथेसिससाठी (आरटीएलचे लॉजिक गेट बनवायला) योसिस आहे. एरियाचा अंदाज, दोन आर्किटेक्चरची तुलना, सिंबीयोसिस वापरून छोट्या ब्लॉकचं फॉर्मल (गणिती पद्धतीने पडताळणी), एवढ्याला मस्त. सिस्टमव्हेरिलॉगचा सगळा सिंटॅक्स तो स्वतःहून वाचत नाही, मग आधी एसव्ही-टू-व्ही मधून काढा किंवा स्लँगचं प्लगइन लावा. प्लेस अँड राउटपर्यंत (गेट चिपवर मांडून तारांनी जोडण्यापर्यंत) अख्खा फ्लो हाताने करून बघायचा असेल तर ओपनरोड घ्या, सोबत स्कायवॉटरचा १३० नॅनोमीटरचा पीडीके, तो २०२० पासून खुला आहे. शिकायला आणि स्क्रिप्ट तपासायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

व्हर्जन मात्र फिक्स करा, कंटेनर इमेज (टूल्ससकट तयार सेटअप) बनवा आणि त्यातला व्हर्जन नंबर कोडच्या रेपोमध्ये लिहा. ही टूल्स भराभर बदलतात आणि एकाच्या मशीनवर पास, दुसऱ्याच्या मशीनवर फेल असं झालं की टीमचा विश्वास उडतो, तो परत मिळवायला फार वेळ लागतो.

लायसन्सचं लीगलशी आधीच बोलून घ्या. टूल जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचं असलं म्हणून नुसतं वापरल्याने तुमचा आरटीएल खुला करावा लागत नाही, प्रश्न येतो तो टूल बदलून दुसऱ्याला दिलं तर. आणि बग सापडला तर कंपनीचा कोड जसाच्या तसा पाठवू नका. दहा-पंधरा ओळींचा, नावं बदललेला, तरी बग दाखवणारा तुकडा काढा आणि तो रिपोर्ट करा, असा रिपोर्ट लवकर बघितला जातो आणि पुढच्या रिलीजमध्ये फिक्स आला की तोच तुकडा आपल्या रिग्रेशनमध्ये ठेवून द्या.